नियमांचा उपासक : सर स्टॅन्ले राउस

फुटबॉलच्या सामन्यात पंच कोठे धावतो आहे, याकडे प्रेक्षकाचे लक्ष सहसा जात नाही. डोळे चेंडूवर खिळलेले असतात आणि पंचाचे अस्तित्व जाणवते ते त्याची शिट्टी वाजल्यावरच. परंतु मुंबईच्या कूपरेजवर, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा लंडनच्या वेम्ब्लीवर थोडा वेळ केवळ पंचाकडेच पाहत राहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. तो वाटेल तसा धावत नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत जणू एक रेषा आखलेली आहे आणि तिच्या आसपासच त्याची ये-जा चाललेली आहे. ही कर्णरेषेची पद्धत रुळवण्याचे श्रेय ज्याला दिले जाते, त्याच माणसाने फुटबॉलच्या नियमांना सतरा कलमांची सुटसुटीत मांडणी दिली, इंग्लंडच्या संघाला पहिला प्रशिक्षक मिळवून दिला आणि जवळजवळ तेरा वर्षे फिफा या जागतिक संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. त्याचे नाव सर स्टॅन्ले राउस.

एवढ्या कर्तृत्वाच्या या माणसाला १९७४ साली जगातील फुटबॉल संघटनांनी मतदान करून पदावरून दूर केले. त्यांच्या सचोटीविषयी कोणी शंका घेतली होती, असे नव्हे. राउस यांचा पराभव झाला तो ज्या गुणामुळे ते मोठे झाले त्या गुणामुळेच, हे विधान वरकरणी विपरीत वाटेल. परंतु त्यांचे चरित्र तपासले असता याच निष्कर्षाशी यावे लागते. म्हणूनच या चरित्राचे महत्त्व क्रीडाप्रेमींपुरते मर्यादित राहत नाही. नियम सर्वांना सारखा लावला म्हणजे न्याय झाला काय, हा सार्वजनिक जीवनातील जुना प्रश्न त्यात उभा आहे.

शाळामास्तर आणि गोलरक्षक

राउस यांचा जन्म २५ एप्रिल १८९५ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या सफोक परगण्यातील मटफर्ड या खेड्यात झाला. घराणे उमरावांचे नव्हते, साध्या दुकानदाराचे होते. अंगाने उंचापुरा असलेला हा तरुण लोस्टॉफ्टच्या परिसरातील हौशी संघांतून गोलरक्षक म्हणून खेळू लागला. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात भरती होऊन त्याने फ्रान्स, इजिप्त व पॅलेस्टाइन येथे सेवा बजावली. मनगटाच्या दुखापतीमुळे त्याची खेळाडू म्हणून असलेली कारकीर्द आटोपली. ती फार मोठी होती असे त्याच्या चाहत्यांनीही कधी म्हटले नाही. मोठ्या क्लबचा गणवेश किंवा देशाचे प्रतिनिधित्व हे त्याच्या नशिबी नव्हते.

युद्धानंतर एक्झिटर येथील सेंट ल्यूक्स कॉलेजात शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन १९२१ साली राउस वॉटफर्ड ग्रामर स्कूलमध्ये क्रीडाशिक्षक झाले आणि १९३४ पर्यंत तेथेच राहिले. या तेरा वर्षांचा ठसा त्यांच्या उर्वरित आयुष्यावर कायम राहिला. मुलांना रांगेत उभे करणे, खेळाचे तंत्र टप्प्याटप्प्याने शिकवणे, भांडण झाले तर दोघांचे ऐकून ताबडतोब निकाल देणे आणि दिलेला निकाल न बदलणे, ही शाळेच्या मैदानावरील शिस्त त्यांच्या अंगी मुरली. पुढे देशोदेशींच्या प्रतिनिधींसमोर अध्यक्ष म्हणून उभे राहिल्यावरही त्यांच्यातील शाळामास्तर लपत नसे. त्याचा लाभही झाला आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

कर्णरेषा आणि सतरा कलमे

शाळेची नोकरी सांभाळून राउस यांनी पंचगिरी पत्करली आणि तिच्यात ते झपाट्याने वर चढले. १९२७ साली बेल्जियम व हॉलंड यांच्यातील अँटवर्पच्या सामन्यात त्यांनी आंतरराष्ट्रीय पंच म्हणून पहिले काम केले. पुढील सात वर्षांत तिसाहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने त्यांच्या शिट्टीवर खेळले गेले.

पंचापुढची अडचण त्यांनी शिक्षकाच्या पद्धतीने सोडवली. मैदान सुमारे शंभर मीटर लांबीचे, खेळाडू बावीस आणि पाहणारे डोळे मोजके. पंच चेंडूच्या मागे धावत सुटला, तर त्याच्या पाठीमागे काय घडते हे कोणालाच दिसत नाही. पंच आणि रेषापंच एकाच बाजूला गोळा झाले, तर अर्धे मैदान बेवारस राहते. राउस यांनी कामाची वाटणी केली. पंचाने कर्णरेषेच्या आसपास राहावे. एका रेषापंचाने एका बाजूच्या सीमारेषेचा अर्धा भाग सांभाळावा, तर दुसऱ्याने समोरच्या बाजूचा उलटा अर्धा भाग. असे केले म्हणजे खेळ कोठेही चालू असला, तरी तो पंच आणि रेषापंच यांच्या मध्ये राहतो व दोन बाजूंनी पाहिला जातो. उपलब्ध साधने तेवढीच ठेवून केवळ त्यांच्या मांडणीतून अधिक फळ कसे मिळवावे, याचा हा नमुनाच म्हटला पाहिजे.

२८ एप्रिल १९३४ रोजी वेम्ब्लीवर मँचेस्टर सिटी आणि पोर्टस्मथ यांच्यात एफ. ए. कपचा अंतिम सामना झाला. सिटीने तो २-१ असा जिंकला आणि शेवटची शिट्टी होताच सिटीचा कोवळा गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट ताण असह्य होऊन मूर्च्छित पडला. ती शिट्टी राउस यांची होती. इंग्लिश पंचाला मिळणारा सर्वोच्च मान त्यांना मिळाला आणि त्याच वर्षी फुटबॉल असोसिएशनने त्यांना आपले चिटणीस नेमले. त्यांचे पूर्वाधिकारी सर फ्रेडरिक वॉल हे १८९५ पासून त्या खुर्चीत होते. राउस जन्मले त्या वर्षी बसलेला माणूस उठला तो राउस यांना जागा देण्यासाठी, यावरून त्या संस्थेचा संथपणा कळावा.

या संथ संस्थेत राउस यांनी हाती घेतलेले सर्वांत टिकाऊ काम म्हणजे नियमांचे पुनर्लेखन. १८६३ मध्ये तयार झालेल्या नियमांना पाऊणशे वर्षांत इतक्या दुरुस्त्या, पुरवण्या आणि खुलासे चिकटले होते की, मूळ नियम कोणता व ठिगळ कोणते हे पंचांनाही सांगता येऊ नये. १९३८ साली राउस यांनी हे सारे साहित्य सतरा कलमांत लावून दिले. पहिले कलम मैदानाचे, दुसरे चेंडूचे, तिसरे खेळाडूंच्या संख्येचे, पाचवे पंचाचे, अकरावे ऑफसाइडचे, बारावे नियमभंगाचे आणि सतरावे कॉर्नर किकचे. आधी खेळाचे साहित्य, मग माणसे, मग खेळ, मग गुन्हा आणि खेळ पुन्हा सुरू करण्याच्या रीती, असा तर्कशुद्ध क्रम त्यात आहे. जवळजवळ साठ वर्षे ही संहिता मोठ्या फेरबदलाविना चालली. १९९७ मध्ये तिची भाषा आणखी आटोपशीर केली गेली, पुढेही दुरुस्त्या झाल्या. परंतु कलमांची संख्या आजही सतराच आहे.

शिकवता येते हा विश्वास

इंग्लंडमध्ये त्या काळी फुटबॉल शिकवण्याची गोष्ट आहे, हेच कोणी मान्य करीत नसे. खेळाडू उपजत असतो, त्याला पळवले आणि व्यायाम दिला की पुरे, अशी क्लबांची समजूत होती. राष्ट्रीय संघाची निवड एक समिती करीत असे आणि त्या समितीवर क्लबांचे संचालक असत. पेशाने शिक्षक असलेल्या राउस यांना हे पटणे शक्य नव्हते. १९४६ साली त्यांनी वॉल्टर विंटरबॉटम या तरुण शारीरिक शिक्षणतज्ज्ञाला असोसिएशनचा प्रशिक्षण-संचालक नेमवले. इंग्लंडच्या संघाची व्यवस्थाही त्यांच्याकडेच आली. प्रशिक्षकांचे वर्ग भरू लागले, परीक्षा घेतल्या जाऊ लागल्या आणि पात्रतापत्रे मिळू लागली. मोठ्या क्लबांनी नाके मुरडली. परंतु १९५० च्या विश्वचषकात अमेरिकेच्या अनोळखी संघाने इंग्लंडला १-० असे हरवले आणि १९५३ साली हंगेरीने खुद्द वेम्ब्लीवर ६-३ असा धुव्वा उडवला, तेव्हा शिकण्यासारखे काहीतरी आहे हे सर्वांना कबूल करावे लागले.

याच काळात राउस यांनी इंग्लिश फुटबॉलचा एकलकोंडेपणा मोडून काढला. ब्रिटनमधील चारही संघटना १९२८ पासून फिफाच्या बाहेर होत्या. १९४६ मध्ये त्या परत आल्या, त्यामागे राउस यांचे प्रयत्न होते. १० मे १९४७ रोजी ग्लासगोच्या हँपडन पार्कवर ब्रिटनचा संयुक्त संघ आणि उर्वरित युरोपचा संघ यांच्यात सामना भरवण्यात आला. एक लाख तीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले, ब्रिटनने ६-१ असा विजय मिळवला आणि तिकिटांचे उत्पन्न युद्धाने रिकाम्या झालेल्या फिफाच्या तिजोरीत गेले. संघटनेत परत येताना तिचा संसार उभा करून देण्याची ही रीत दिलदार होती आणि चतुरही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या संयोजनातील सेवेनंतर १९४९ साली त्यांना सर हा किताब मिळाला.

बर्लिनची दुपार

या यशस्वी वाटचालीत एक प्रसंग असा आहे की, पुढच्या साऱ्या घटनांची चाहूल त्यात लागते. १४ मे १९३८ रोजी बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानावर इंग्लंड आणि जर्मनी यांच्यात सामना होता. ऑस्ट्रिया गिळंकृत होऊन दोनच महिने झाले होते. जर्मन राष्ट्रगीताच्या वेळी इंग्लिश खेळाडूंनी नाझी पद्धतीने हात उंचावून वंदन करावे किंवा कसे, हा प्रश्न उभा राहिला. ब्रिटिश राजदूत सर नेव्हिल हेंडरसन यांचा सल्ला घेण्यात आला आणि वंदन करावे असे ठरले. चिटणीस म्हणून राउस त्या निर्णयात सहभागी होते. खेळाडूंनी नाखुशीने हात वर केले, सामना ६-३ असा जिंकला आणि जगाच्या स्मरणात राहिले ते छायाचित्र.

राउस यांच्या दृष्टीने हा यजमानांशी पाळायचा शिष्टाचार होता. पाहुण्याने घरच्या रीतीप्रमाणे वागावे, खेळात राजकारण आणू नये, एवढाच त्याचा अर्थ. परंतु तो हात वर करणे हेदेखील राजकारणच आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही. प्रस्थापित सत्तेची रीत पाळणे म्हणजे तटस्थता आणि तिला नकार देणे म्हणजे राजकारण, अशी त्यांची विभागणी होती. ही विभागणी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न

फिफाचे अध्यक्ष आर्थर ड्र्युरी यांच्या निधनानंतर २८ सप्टेंबर १९६१ रोजी लंडनच्या अधिवेशनात राउस अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीच्या दोनच दिवस आधी कार्यकारी समितीने दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्यांच्या फुटबॉल संघटनेला वंशभेदाच्या कारणावरून निलंबित केले होते. नव्या अध्यक्षाच्या मेजावर पहिले प्रकरण हेच होते.

त्या देशात दोन संघटना होत्या. एक गोऱ्यांची, फिफाने मान्य केलेली. दुसरी १९५१ मध्ये आफ्रिकन, मिश्रवर्णीय आणि भारतीय वंशाच्या खेळाडूंच्या संघटनांनी एकत्र येऊन स्थापलेला महासंघ. तो वर्णभेद मानीत नव्हता आणि त्याच्या खेळाडूंची संख्या गोऱ्यांच्या संघटनेहून अधिक होती. जानेवारी १९६३ मध्ये राउस स्वतः पाहणीसाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यांच्या पाहणीचा निष्कर्ष असा की, गोऱ्यांची संघटना स्वतःहून भेदभाव करीत नाही, ती केवळ देशाचा कायदा पाळते. आणि विरोधी महासंघाला फुटबॉलपेक्षा राजकारणात अधिक रस आहे. निलंबन उठवण्यात आले. या संघटनेने मग १९६६ च्या विश्वचषकासाठी निव्वळ गोरा आणि १९७० साठी निव्वळ काळा संघ पाठवण्याची तयारी दाखवली. वंशभेदाचे असे हप्ते पाडून त्यालाच समता म्हणणे ही कल्पना आज हास्यास्पद वाटते. परंतु त्या वेळी ती गंभीरपणे मांडली गेली होती.

ऑक्टोबर १९६४ मध्ये टोकिओच्या अधिवेशनात आफ्रिकी आणि आशियाई सदस्यांनी बहुमताने निलंबन पुन्हा लादले. ज्या भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेला, त्या भारतातील वाचकाला या बहुमतामागची भावना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. राउस यांना मात्र ती भावना खेळाच्या बाहेरची वाटत राहिली.

याच सुमारास जागांच्या वाटणीचा वाद पेटला. १९६६ च्या विश्वचषकातील सोळा जागांपैकी दहा युरोपला, चार दक्षिण अमेरिकेला, एक उत्तर व मध्य अमेरिकेला आणि आफ्रिका, आशिया व ओशनिया या सर्वांना मिळून एक, असे फिफाने ठरवले. घानाच्या पुढाकाराने आफ्रिकी देशांनी पात्रता फेरीवर बहिष्कार टाकला. उरलेल्या एकुलत्या एक जागेवर ऑस्ट्रेलियाला हरवून उत्तर कोरिया आला. त्या संघाने इटलीला १-० असे घरी पाठवले, तेव्हा दुर्बल मानल्या गेलेल्या खंडांना संधी नाकारण्यामागचा क्रीडात्मक युक्तिवादही लंगडा ठरला. १९७० पासून आफ्रिकेला स्वतःची जागा मिळाली आणि मोरोक्को मेक्सिकोला गेला. जे मागून मिळाले नव्हते, ते बहिष्काराने मिळाले.

येथे राउस यांच्या विचारातील उणीव स्पष्ट दिसते. अर्थशास्त्रात एक साधा भेद करतात. व्यवहाराचे नियम सर्वांना समान असणे ही एक गोष्ट आणि व्यवहारात उतरताना प्रत्येकाच्या हाती काय होते ही दुसरी. पहिली गोष्ट निर्दोष असली, तरी दुसरीतील विषमता तिने दूर होत नाही. पंचाला दुसऱ्या गोष्टीची चिंता करावी लागत नाही. त्याच्यासमोर अकरा-अकरा माणसे आयतीच उभी केलेली असतात आणि त्याने सतरा कलमे लावायची असतात. प्रशासकाचे काम त्याआधी सुरू होते. मैदानावर कोण येणार आणि कोण कुंपणाबाहेर राहणार, हे त्याने ठरवायचे असते. राउस अध्यक्ष झाल्यावरही पंचाच्याच जागेवरून पाहत राहिले.

सँतियागोचा रिकामा गोल

१९७३ साली चिलीमध्ये जे घडले, त्याने ही गोष्ट अधिकच उघडी पडली. पुढील वर्षीच्या विश्वचषकातील एका जागेसाठी सोव्हिएत संघ आणि चिली यांच्यात दोन सामने व्हायचे होते. मॉस्कोतील पहिला सामना २६ सप्टेंबरला गोलशून्य बरोबरीत सुटला. त्याच्या पंधरा दिवस आधी, ११ सप्टेंबरला, चिलीत लष्कराने अध्यक्ष अलेंदे यांचे सरकार उलथवले होते आणि सँतियागोचे राष्ट्रीय स्टेडियम कैद्यांची छावणी बनले होते. दुसरा सामना त्याच स्टेडियमवर होता. तेथे खेळण्यास सोव्हिएत संघाने नकार दिला आणि सामना तटस्थ ठिकाणी हलवण्याची मागणी केली.

फिफाचे दोन प्रतिनिधी ऑक्टोबरमध्ये सँतियागोला गेले. त्यांनी मैदान पाहिले आणि सामना होण्यास हरकत नाही असा अहवाल दिला. त्या वेळी त्याच स्टेडियमच्या आतल्या भागात माणसे डांबलेली होती. २१ नोव्हेंबरला चिलीचा संघ मैदानावर उतरला. समोर कोणीही नव्हते. चिलीच्या खेळाडूंनी चेंडू एकमेकांकडे देत पुढे नेला आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देस याने तो रिकाम्या गोलात ढकलला. चिलीला २-० असा विजय बहाल करण्यात आला.

सोव्हिएत सत्ता कैद्यांच्या छळाविषयी बोलण्यास सर्वाधिक पात्र होती, असे कोणी म्हणणार नाही. तिचा नकारही राजकीय हिशेबातूनच आला होता. तरीही फिफाच्या पाहणीत मोजले काय गेले, हा प्रश्न उरतोच. मैदानाची लांबी-रुंदी, गवत, गोलाचे खांब हे पहिल्या कलमाप्रमाणे बिनचूक असतील. प्रेक्षागाराखालच्या खोल्यांविषयी सतरांपैकी एकाही कलमात काही म्हटलेले नाही.

फ्रँकफर्टची मतमोजणी

राउस यांच्याविरुद्ध उभे राहिले ते ब्राझीलचे जोआंव आवेलांज. ऑलिंपिकमध्ये पोहलेला, वाहतूक व्यवसायात श्रीमंत झालेला आणि १९५८, १९६२ व १९७० असे तीन विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या क्रीडासंघटनेचा हा प्रमुख. फिफात प्रत्येक देशाला एक मत आहे, मग तो इंग्लंड असो की नुकताच स्वतंत्र झालेला एखादा छोटा देश. या वस्तुस्थितीचा अर्थ आवेलांज यांना राउस यांच्याआधी उमगला. ते ऐंशीहून अधिक देश फिरले. विश्वचषकात अधिक संघ, तरुणांची जागतिक स्पर्धा, गरीब देशांना प्रशिक्षण आणि साहाय्य, आणि दक्षिण आफ्रिकेला दार बंद, ही त्यांची आश्वासने होती.

एकोणऐंशी वर्षांच्या राउस यांचा भर आपल्या सेवेच्या नोंदीवर होता. ती नोंद निर्विवाद होती. परंतु मतदार तिचे परीक्षक नव्हते, ते आपला वाटा मागणारे भागीदार होते. पंचाने मत मागत फिरणे ही कल्पनाच राउस यांच्या प्रकृतीला मानवणारी नव्हती. ११ जून १९७४ रोजी फ्रँकफर्ट येथे मतदान झाले. दुसऱ्या फेरीत आवेलांज यांना ६८ आणि राउस यांना ५२ मते पडली. युरोपबाहेरच्या जगाने शिट्टी वाजवली होती. त्याच वर्षी डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार देऊन हाताशी आलेली संधी सोडली, हेही येथे आठवावे. १९७६ साली फिफाने दक्षिण आफ्रिकेला पूर्णपणे बाहेर काढले. वंशभेदाची राजवट मोडू लागल्यावर, १९९२ मध्ये, तिचा पुनःप्रवेश झाला.

मात्र राउस हरले म्हणजे न्याय जिंकला, असा सोपा हिशेब मांडणे चूक ठरेल. आवेलांज यांनी आश्वासने बऱ्याच अंशी पाळली. १९७७ मध्ये ट्युनिशियात तरुणांची स्पर्धा झाली, १९८२ पासून विश्वचषकात चोवीस संघ आले. परंतु त्यासाठी लागणारा पैसा मोठ्या कंपन्यांकडून आला आणि पैशाबरोबर त्याचे नेहमीचे सोबतीही आले. आवेलांज १९९८ पर्यंत अध्यक्ष राहिले. प्रक्षेपण व जाहिरातीचे हक्क विकणाऱ्या कंपनीकडून त्यांनी रकमा घेतल्याचे नंतर उघड झाले आणि २०१३ मध्ये त्यांना मानद अध्यक्षपद सोडावे लागले. २०१५ साली झ्युरिकच्या हॉटेलात फिफाच्या पदाधिकाऱ्यांना पोलिसांनी पकडले, तेव्हा राउस यांच्या काळातील काटेकोर कारभाराची अनेकांना आठवण झाली असेल. एका अध्यक्षाला वाटणीतला अन्याय दिसला नाही. दुसऱ्याला तो दिसला आणि त्याने त्याचे मतांत व पुढे पैशात रूपांतर केले.

उरलेला प्रश्न

पराभवानंतर राउस यांना फिफाचे मानद अध्यक्ष करण्यात आले. १९७८ मध्ये त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १८ जुलै १९८६ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी महिनाभरापूर्वीच मेक्सिकोत मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल पंचाच्या नजरेतून सुटला होता. पंच होते ट्युनिशियाचे अली बिन नासर. आफ्रिकेतील पंच विश्वचषकाच्या अशा सामन्यापर्यंत पोहोचला होता, आणि राउस यांची कर्णरेषाही सर्व काही दाखवू शकत नव्हती.

मराठी मनाला निःस्पृह न्यायाधीश म्हटला की रामशास्त्री प्रभुणे आठवतात. रामशास्त्र्यांचे स्मरण आपण करतो ते त्यांना धर्मशास्त्राची कलमे पाठ होती म्हणून नव्हे. नारायणरावाच्या खुनाचा दोष सत्तेवर बसलेल्या राघोबांच्या पदरी घालण्याचे धैर्य त्यांनी दाखवले आणि पुणे सोडले, म्हणून ते स्मरणात आहेत. निःपक्षपातीपणा आणि प्रस्थापित सत्तेच्या रीतीला मान तुकवणे या दोन गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत. राउस यांच्याकडून झालेली गल्लत नेमकी हीच होती.

ही गल्लत अद्याप संपलेली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर फिफाने रशियाला निलंबित केले. १९७३ च्या सँतियागोत जे तत्त्व सांगितले गेले होते, ते तेव्हा मागे पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय फुटबॉल महासंघाला बाह्य हस्तक्षेपाच्या कारणावरून काही दिवस निलंबन सोसावे लागले. आमच्या महासंघाचा कारभार न्यायालयनियुक्त समितीकडे का गेला, निवडणुका वेळेवर का झाल्या नव्हत्या, या प्रश्नांपेक्षा स्वायत्ततेचे कलम मोडले की नाही हे आधी पाहिले गेले. स्वायत्तता हवीच, तिच्यावाचून क्रीडासंस्था सरकारी खाती बनतील. पण स्वायत्ततेच्या कुंपणाआड कोण बसले आहे आणि कोण बाहेर आहे, हे विचारण्याचा अधिकार खेळणाऱ्याला असलाच पाहिजे.

२०१० चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत झाला आणि २०२६ च्या ४८ संघांच्या स्पर्धेत आफ्रिकेला नऊ थेट जागा देण्यात आल्या. १९६६ मध्ये अर्धीही नव्हती. तेथील प्रत्येक सामन्यात पंच राउस यांच्याच तिरप्या रेषेवरून धावतो आणि त्यांनीच रचलेली सतरा कलमे लावतो. ते नियम ज्यांना कुंपणाबाहेर ठेवून लावले गेले होते, त्यांनी आत येण्याची वाट स्वतः काढली.